जुनी रायफल सुधारावी की दुसरी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २५ वर्षं वापरलेली, .३०-०६ या काडतुसाची बोल्ट-ॲक्शन रायफल (दर गोळीला हातानं बोल्ट, म्हणजे मागची दांडी, ओढून भरायची), अक्रोडाचा दस्ता, वर ३-९×४० ची (३ ते ९ पट, ४० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण. एके काळी १०० मीटरवर तीन गोळ्या चार सेंटिमीटरच्या आत बसायच्या, आता त्या नऊ सेंटिमीटरपर्यंत पसरतात. नवी नळी, नवा दस्ता आणि नवा ट्रिगर घालून हीच रायफल नीट करावी, की हिला बाजूला ठेवून ६.५ क्रीडमूर या काडतुसाची नवी घ्यावी?

माझं म्हणणं, आज यातलं काहीच करू नका. पसारा कुठून येतोय हे कळायच्या आधी खर्च केला तर तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. या कामात माझी तीसेक वर्षं गेली आणि नळी बदलूनही पसारा तसाच राहिलेल्या रायफली माझ्या टेबलावर बऱ्याच आल्या. एक अजून डोळ्यांपुढे आहे. मालकानं चांगल्या कारागिराकडून नवी नळी बसवून घेतली होती, काम सुरेख होतं. मी दुर्बिणीचा मागचा बेस (रायफलीवरची तिची बैठक) काढला तर त्याचा एक स्क्रू नुसता भोकात बसलेला, आट्यांत त्याची पकडच नव्हती. दर गोळीला दुर्बीण केसभर हलत होती. जुनी नळी निर्दोष होती आणि ती भंगारात गेली होती.

तुमच्या नळीचाच हिशोब करा. शिकारी माणूस सराव धरून वर्षाला तीस-चाळीस गोळ्या झाडतो. २५ वर्षांत हजार झाल्या. .३०-०६ सारख्या मध्यम काडतुसाची नळी नीट राखली तर काही हजार गोळ्या सहज झेलते. तेव्हा नळी झिजली असण्याची शक्यता कमी. शिकारी रायफलीची नळी मरते ती गंजानं, नाहीतर तोंडाकडून घातलेल्या साफसफाईच्या गजानं. गज तोंडाच्या कडेवर वर्षानुवर्षं घासला की तिथलं वर्तुळ एका बाजूला खातं, आणि गोळी बाहेर पडता पडता गॅस तिला एका अंगानं ढकलतो. ही कड तपासायला कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि आतून बाहेर हलक्या हातानं चौफेर ओढा. कुठे तंतू अडकला तर तिथे ओरखडा आहे. लेथवर ते तोंड नव्यानं कापून घेणं हे छोटं काम आहे, त्यासाठी नळी बदलावी लागत नाही.

आता क्रमानं. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझीन (काडतुसांचा साठा) रिकामं आहे ना, डोळ्यांनी पाहा, बोट घालून पाहा, मग बोल्ट काढून बाजूला ठेवा. पहिली तपासणी दस्ता आणि ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा भाग) जोडणाऱ्या स्क्रूंची. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. २५ वर्षांत हे स्क्रू कुणी पाहिले नसतील, तर पुढचा स्क्रू पाव-अर्धा फेरा सहज फिरेल. निर्मात्यानं सांगितलेल्या ताकदीनं, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोराच्या पान्यानं) आवळा. आत धातूचे खांब नसलेल्या लाकडी दस्त्याला ती साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर असते. त्याहून जोर लावलात तर लाकूड दबतं आणि पुढच्या मोसमात स्क्रू पुन्हा ढिला होतो. मग दुर्बिणीचे बेस आणि कड्या. कड्यांच्या वरच्या स्क्रूंना २ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. कडी आणि दुर्बीण जिथे भेटतात तिथे पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवा. वीस गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर चोर सापडला.

दस्त्याची एक परीक्षा मला फार भरवशाची वाटते. रायफल उभी धरा, दस्त्याचा पुढचा शेंडा आणि नळी यांच्या सांध्यावर बोटाचं टोक ठेवा, आणि दुसऱ्या हातानं पुढचा स्क्रू सावकाश ढिला करा, मग पुन्हा आवळा. ॲक्शन लाकडात सपाट बसली असेल तर बोटाला काही कळत नाही. वाकडी बसली असेल तर नळी शेंड्यापासून वर उठल्याचं स्पष्ट जाणवतं. म्हणजे स्क्रू आवळताना तुम्ही ॲक्शनला ताणून वाकवत होता, आणि दर गोळीनंतर ती थोडी वेगळी बसत होती. यावर उपाय बेडिंगचा. इपॉक्सी घालून ॲक्शनला तिच्या मापाची तंतोतंत गादी करून देतात, आणि जुन्या लाकडी रायफलीवर इतक्या थोड्या खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काम मी पाहिलेलं नाही. कागदाची पट्टी नळीखालून सरकवून ती कुठे अडकते तेही पाहा. फक्त अडकली म्हणून लगेच लाकूड तासू नका. कित्येक जुन्या रायफलींत शेंड्याजवळ मुद्दाम दाब ठेवलेला असतो, नळीची थरथर काबूत राहावी म्हणून. तो दाब शेंड्यावर दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर तो दोष नव्हे. नळी मधेच कुठेतरी एका बाजूनं टेकत असेल तर मात्र तो दोष.

नंतर तांबं. गोळीच्या कवचाचं तांबं पिळाच्या, म्हणजे नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या, खाचांत थर धरतं आणि नेहमीच्या तेलानं ते निघत नाही. तांबं विरघळवणारं द्रावण लावून पंधरा मिनिटांनी कापड फिरवा. निळंहिरवं आलं तर कापड पांढरं येईपर्यंत करत राहा. गज मागून, बोल्टच्या बाजूनंच घाला. हे झालं की दुर्बीण संशयितांत धरा. मित्राकडची खात्रीची दुर्बीण एका दुपारपुरती बसवून पाहा. जुन्या दुर्बिणीत आतल्या स्प्रिंगा थकतात. बाहेरून काच लख्ख दिसते आणि आतली फुलीची रेषा दर धक्क्याला नव्या जागी बसते. शेवटी काडतुसं. तुमची नेहमीची पेटी आणि आणखी दोन वेगळ्या वजनांच्या गोळ्यांच्या पेट्या. एकाच नळीतून एक काडतूस दुसऱ्याच्या दुप्पट पसरतं, हे मी डझनावारी रायफलींवर मोजलंय.

तुमच्या चार सेंटिमीटरबद्दलही बोलायला हवं. तीन गोळ्यांचा ग्रुप फसवा असतो. त्याच दिवशी, त्याच रायफलीनं, त्याच पेटीतून तीन-तीन गोळ्यांचे पाच ग्रुप काढा. सगळ्यात मोठा सगळ्यात छोट्याच्या दुप्पट सहज निघतो. माणूस त्यातला सर्वोत्तम कागद कपाटात जपून ठेवतो आणि पुढे तेच आपल्या रायफलीचं माप धरतो. खरं माप हवं असेल तर दहा गोळ्या एकाच लक्ष्यावर झाडा, प्रत्येक गोळीनंतर नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबून. शिकारीसाठी त्याहून महत्त्वाचा कागद आणखी एक आहे. पाच वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून, दिवसाला एकच गोळी त्याच कागदावर. जनावरासमोर तुम्हाला मिळते ती हीच गोळी. तो कागद सात सेंटिमीटरचा असेल तर तुमची रायफल सात सेंटिमीटरची आहे.

आणि किती पुरतं? मध्यम आकाराच्या हरणाचा काळीज-फुफ्फुसांचा भाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाचा धरतात. १०० मीटरवर नऊ सेंटिमीटर पसरणारी रायफल २०० मीटरवर अठरा पसरते, आणि त्यात तुमच्या हाताची थरथर, श्वास, वारा अजून मिळवलेला नाही. १०० मीटरच्या आत, नीट टेकू घेऊन ती चालेल. २०० मीटरवर ती रायफल घेऊन गोळी झाडणं मला मान्य नाही. पोटात गोळी घेऊन पळालेलं जनावर रात्रभर झुडपात मरत पडतं. तो माग मी काढलेला आहे आणि पुन्हा कुणावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. थंड नळीतून सहा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी मिळत असेल तर मात्र शिकारीसाठी आणखी सुधारण्यासारखं रायफलीत फारसं उरत नाही. पुढची सुधारणा नेमबाजात करायची.

एवढं करूनही खर्च करायचा ठरला, तर मी एक गोष्ट आधी पाहतो. केलेला खर्च दुसऱ्या रायफलीवर नेता येईल का? दुर्बीण नेता येते. सराव तर येतोच. नळी, बेडिंग, दस्ता हे त्या रायफलीशी बांधले जातात. म्हणून निर्णय डळमळीत असेल तेव्हा पहिला पैसा दुर्बिणीत घाला. २५ वर्षांत काचेवरचे लेप फार सुधारलेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा जनावर खरोखर बाहेर पडतं, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसतो. फक्त मोठ्या भिंगाच्या मोहात पडू नका. भिंगाचा व्यास भागिले वर्धन, इतक्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. तुमच्या ४० मिलिमीटर भिंगातून ९ पटीला ४.४ मिलिमीटर आणि ६ पटीला ६.७. तरुणाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचाच्या आसपासच राहते. मग वय झालेल्या डोळ्याला ५६ मिलिमीटरचं जड भिंग काय देणार? अंधार पडू लागला की वर्धन ६ वर आणा, आहे त्याच दुर्बिणीत उजेड वाढलेला दिसेल.

दुसरा पैसा ट्रिगरवर. जुन्या कारखानी रायफलींचा चाप अनेकदा अडीच-तीन किलोच्या ओढीला सुटतो, म्हणजे रायफलीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास. एवढं ओढताना नेम हलणारच. सव्वा ते दीड किलो, खरखर न करता काच तुटावी तसा सुटणारा चाप शिकारीला योग्य. हातमोजे घातलेल्या, गारठलेल्या बोटांसाठी एक किलोच्या खाली मी कधीच जात नाही. आणि हे काम घरी कानशीनं करायचं नाही. सिअरचा, म्हणजे चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या खटक्याचा, कोन केसभर बिघडला की बोल्ट जोरात बंद करताच रायफल आपोआप सुटू शकते. तयार ट्रिगर घ्यावा, गनस्मिथकडून बसवून घ्यावा आणि आपटून, बोल्ट झटक्यानं लावून तो तपासून घ्यावा.

नळी बदलणं कधी सयुक्तिक? ॲक्शन निरोगी असेल, सुटे भाग मिळत असतील आणि रायफल खांद्याला लावताक्षणी अंगाला लागत असेल तेव्हा. १८९८ च्या माउझरच्या धाटणीच्या ॲक्शनी, १९३६ ची विंचेस्टर मॉडेल ७०, १९६२ ची रेमिंग्टन ७०० यांच्यावर नळ्या बदलण्याची परंपराच आहे. १९५८ पासूनच्या सॅव्हेज ११० मध्ये नळी नटानं आवळलेली असते, त्यामुळे तिचं काम आणखी सोपं. पण नळी, मजुरी, हेडस्पेसची (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणाऱ्या जागेची) गेजनं तपासणी आणि जिथे कायदा मागतो तिथे पुन्हा प्रूफ-चाचणी (जादा दाबाची परीक्षा), हे सगळं मिळून एका साध्या नव्या रायफलीच्या आसपास जातं. आजच्या साध्या नव्या रायफलीही बंद पेटीतून काढून तीन-चार सेंटिमीटर देतात. निव्वळ पैशाच्या हिशोबानं नळी बदलणं क्वचितच जिंकतं. ज्या रायफलीवर जीव जडलाय तिच्यासाठी ते करावं, आणि त्या कारणानं केलं तर त्यात मला काही गैर वाटत नाही.

काही रायफलींवर मात्र एक पैसाही घालू नये. स्प्रिंगफील्ड १९०३ च्या कमी क्रमांकांच्या, म्हणजे स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेच्या आठ लाखांच्या खालच्या, रिसीव्हरचं, म्हणजे ॲक्शनच्या मुख्य सांगाड्याचं, पोलाद उष्णतेच्या प्रक्रियेत ठिसूळ राहिलेलं होतं. त्या भिंतीवर शोभतात, झाडायच्या नाहीत. १८९६ च्या स्वीडिश माउझरला १८९८ च्या माउझरसारखा तिसरा सुरक्षा-लग (बोल्ट बंद धरणारा दात) नाही, म्हणून त्यावर आजच्या उच्च दाबाचं काडतूस चढवू नये. चेंबरमध्ये गंजाचे खड्डे पडलेत, लगला चीर गेलीय, की तिथेच थांबायचं. याच्या उलट टोकाला १९६४ च्या आधीची मॉडेल ७० मूळ अवस्थेत असेल, तर तिच्यात दुर्बिणीसाठी एक भोक पाडलं तरी संग्राहकाच्या दृष्टीनं ती उतरते. अशा रायफलीला हात न लावता दुसरी घेतलेली बरी.

आता क्रीडमूर. २००७ साली आलेलं हे काडतूस खरोखर चांगलं आहे. लांब, निमुळत्या गोळ्या आणि त्यांना पेलणारा ८ इंचांत एक फेरा असा वेगवान पीळ, त्यामुळे वारा गोळीला कमी ढकलतो. पण तुम्ही लिहिलंय की तुमच्या बहुतेक गोळ्या २०० मीटरच्या आतल्या. तिथे जनावराला या दोन काडतुसांतला फरक कळत नाही. मोठं, हाडानं जड जनावर असेल तर .३०-०६ ची १८० ग्रेनची (साधारण ११.७ ग्रॅमची) गोळी आजही वरचढ आहे, आणि १९०६ पासून चाललेल्या या काडतुसाच्या पेट्या जगात जवळजवळ कुठेही मिळतात.

खरा फरक आहे तो धक्क्यात. ३.६ किलोच्या रायफलीत १८० ग्रेनचं .३०-०६ साधारण २७ ज्यूलचा धक्का देतं, क्रीडमूर १७-१८ चा. तुम्ही धक्क्याला बिचकता का, हे आधी पाहा, कारण नऊ सेंटिमीटरचं कारण तेही असू शकतं. रेंजवर मित्राला रायफल भरायला सांगा. कधी खरं काडतूस, कधी डमी (न सुटणारं नकली काडतूस), तुमच्या नकळत. डमीवर चाप ओढल्यावर फुली जागेवर राहिली तर प्रश्न नाही. नळीचं तोंड खाली बुचकळलं, डोळा मिटला, तर तो बिचकणारा हात नव्या नळीनं सुटत नाही. अशा वेळी चांगला रबरी रिकॉइल पॅड, अंगाच्या मापाचा दस्ता आणि हलकी काडतुसं करून पाहा. त्यानंही भागलं नाही तर हलक्या काडतुसाची रायफल घेणं हा रास्त निर्णय आहे. कुणी तुम्हाला बुळं म्हणेल म्हणून थांबू नका.

नवी रायफल घ्यायला भाग पाडणारं आणखी एक कारण हल्ली पुढे आलंय, शिशाविरहित गोळ्या. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, डेन्मार्कनं २०२४ मध्ये रायफलीच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळीला स्थिर राहायला जास्त फिरकी लागते. जुन्या .२४३ काडतुसाच्या १० इंचांत एक फेऱ्याच्या नळीला जड तांब्याची गोळी झेपत नाही, ती हवेत डगमगते आणि कागदाला आडवं भोक पाडते. तुमच्या .३०-०६ ला ही अडचण नाही. तिचा १० इंचांचा पीळ १५० ते १६५ ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला पुरून उरतो.

दुसरी रायफल दुसऱ्या कामासाठी घ्यावी. डोंगर चढायला अडीच-पावणेतीन किलोची हलकी, पावसात न फुगणाऱ्या कृत्रिम दस्त्याची, किंवा जुनीपेक्षा फार लहान वा फार मोठ्या जनावरासाठी. त्याच कामासाठी दुसरी घेतली तर सराव दोघींत वाटला जातो. घ्यायचीच तर सेफ्टी (गोळी सुटू न देणारी कळ) आणि बोल्टची चाल जुनीसारखीच असलेली पाहा. एकीची सेफ्टी पुढे ढकलल्यावर सुटते, दुसरीची बोल्टच्या शेपटावर आडवी फिरते. जनावर समोर आल्यावर अंगठा जुन्या सवयीनं चुकीच्या जागी जातो, आणि त्याहून वाईट, लावली असं समजून सेफ्टी सुटीच राहते. दोन रायफलींची काडतुसंही एका खिशात नकोत. .३०८ चं आखूड काडतूस .३०-०६ च्या चेंबरमध्ये जातं आणि सुटूही शकतं. काडतुसाची पितळी खोळ आत फाटू शकते आणि तापलेला गॅस मागे चेहऱ्याच्या दिशेनं येऊ शकतो. परवान्यावर किती शस्त्रं आणि कोणत्या मापाची लिहिलीत तेही खरेदीआधी वाचा. नळीचं माप बदलणं हादेखील बऱ्याच ठिकाणी नोंद करून घेण्याचा बदल असतो.

माझी पहिली रायफल मी नवीच्या हौसेनं विकली. तिचा चाप, तिचा धक्का, तिची थंड नळीतली पहिली गोळी कुठे जाते, हे मला झोपेत सांगता आलं असतं. नव्या रायफलीशी ती ओळख व्हायला मला चार मोसम लागले, आणि त्या चारांत मी दोन जनावरं जखमी केली. म्हणून नवी घेतलीत तरी जुनी लगेच देऊन टाकू नका.

तर आधी स्क्रू, गरज दिसली तर बेडिंग, मग तांबं, दुर्बीण, तीन पेट्या आणि पाच थंड गोळ्यांचा तो कागद. सहा सेंटिमीटरच्या आत आलात तर फार तर ट्रिगर करून घ्या, उरलेल्या पैशांची काडतुसं घ्या आणि झाडा. नाही आलात तर गनस्मिथकडे बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायचं बारीक उपकरण) घालून चेंबरच्या पुढची नळी पाहा. वाळलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पिळावर दूरपर्यंत गेलेल्या दिसल्या, तर नळीचं आयुष्य खरोखर संपलंय. मग घरी येऊन रायफल रिकामी आहे याची पुन्हा खात्री करा, डोळे मिटून खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण, काळी कड नसलेलं वर्तुळ दिसलं तर हिलाच नळी घाला. डोकं हलवून चित्र शोधावं लागलं तर दुकानात जा, आणि तिथेही प्रत्येक रायफल याच तऱ्हेनं, डोळे मिटून उचला.